मी नंतर घेते

सलोमीकाकूंची गोष्ट सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते. मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या भगिनी मंडळाची चिटणीस आहे, गेली बारा वर्षं. चिटणीसपण फार दिवस अंगावर राहिलं की एक खोड जडते. कोणाचं भलं कशात आहे हे आपल्यालाच कळतं असं वाटायला लागतं. मला ती खोड जरा जास्तच जडली होती. आमचे हे तर म्हणतात, मिनलला स्वर्गात जागा मिळाली तर पहिल्याच दिवशी देवदूतांच्या पाळ्या लावून देईल.

आमचं चर्च नागपुरात सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. बुटकं, दगडी, उन्हाळ्यात सकाळी नऊलाच तापणारं. रविवारी साडेआठला मराठी उपासना असते. उजवीकडच्या बाकांवर बाया, डावीकडे पुरुष, आणि लहान पोरं जिथे पंखा चालतो तिथे. पुढे उपासनेचं मेज, त्याच्या मागच्या भिंतीत एक खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे छोटं स्वयंपाकघर. सलोमीकाकूंचा रविवार त्या स्वयंपाकघरात जायचा.

काकू सहासष्ट वर्षांच्या. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी एकोणतीस वर्षं स्वयंपाक केला. कोणती मुलगी किती पोळ्या खाते हे त्यांना तिच्या नावाच्या आधी पाठ व्हायचं. नवरा मनोहरराव मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मूलबाळ नाही. मनोहरकाका अकरा वर्षांपूर्वी गेले आणि त्या महिन्यापासून चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली काकूंच्या कमरेला आली. कोणी दिली नाही, त्यांनीच मागून घेतली. आम्हाला बरंच वाटलं. काम मागून घेणारं माणूस कोणत्या मंडळीला नको असतं?

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पावाचा एक तुकडा आणि करंगळीएवढ्या काचेच्या प्याल्यात द्राक्षाचा रस. रस काकू घरी करत. काळे मनुके शनिवारी सकाळीच भिजवायचे, संध्याकाळी उकळायचे, दोनदा गाळायचे. विकतचा रस त्यांना चालत नसे. "त्यात काय घालते बाप्पा, कोनाले मालूम," असं म्हणायच्या. प्याले आमच्याकडे चार डझन आणि माणसं दीडशे. म्हणून एक रांग मेजापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून उठली की प्याले खिडकीतून आत जातात, धुतले जातात, पुसले जातात, भरून परत येतात. तेवढा वेळ आत कोणीतरी लागतंच. काकू मनोहरकाकांच्या जुन्या मलमलच्या सदऱ्याच्या तुकड्यानं प्याले पुसत. एकाही प्याल्यावर बोटाचा ठसा दिसायचा नाही.

आतल्या माणसानं शेवटी घ्यायचं, अशी आमची पद्धत. सगळे आटोपले की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, आत जाऊन त्याला देतात. मी दर वेळी खिडकीशी जाऊन म्हणायची, "काकू, या आता." त्या म्हणायच्या, "तुमी घ्या वं. मी नंतर घेते."

पाळकांना वाटायचं, काकूंना वडीलमंडळींपैकी, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी, कोणी दिलं असेल. वडीलमंडळींना वाटायचं, पाळकांनी दिलं असेल. मला वाटायचं, दोघांपैकी कोणीतरी दिलंच असणार. अकरा वर्षं आम्ही सगळे असं वाटून घेत बसलो.

आता कुसुमताईंबद्दल. त्या मनोहरकाकांच्या मोठ्या बहीण, म्हणजे काकूंच्या नणंद. वय पंचाहत्तर. आई लवकर गेली म्हणून भावाला त्यांनीच कडेवर वाढवलं. सासर उमरेडचं, यजमान कोळशाच्या खाणीत होते. ते गेल्यावर त्या नागपूरला मुलाकडे आल्या. मुलगा दुर्गेश मिहानच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, घर मानेवाड्याला. ताईंच्या गळ्यात एक दोरी असायची आणि दोरीला फोन. आंघोळीला जातानाही तो न्हाणीघराच्या खुंटीवर टांगलेला. चर्चमध्ये सगळे फोन बंद करतात, ताई करत नसत. प्रार्थना अगदी रंगात आली की नेमका त्यांचा फोन वाजायचा, आणि बहुतेक वेळा कोणीतरी कर्ज हवं का म्हणून विचारत असायचं. मी त्यांना दोनदा चिठ्ठी पाठवली होती, चिटणीस या नात्यानं. त्या हसून म्हणाल्या, "मिनल, एक बारी माहा फोन बंद राहिला अन् भाऊ हातचा गेला. आता मी मरेन तवाच बंद होईन हा."

ही गोष्ट सगळ्या मंडळीला ठाऊक होती. मनोहरकाका शेवटच्या दुखण्यात असताना काकूंनी उमरेडला फोन लावला होता, पण ताईंच्या फोनमध्ये चार्जिंग नव्हतं. भाऊ गेल्यावर निरोप पोचला. ताई ही गोष्ट दर वर्षी सांगत आणि दर वर्षी स्वतःला दोष देत. काकू जवळच असल्या तर खाली बघत. आम्हाला वाटे, आठवणीनं वाईट वाटत असेल.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन पाळक आले, प्रीतम नावाचे. तिशीचे, उत्साही, सायकलवर फिरणारे. त्यांनी पहिल्याच महिन्यात आम्हाला विचारलं, तुम्ही दर रविवारी येता ते घरी काय घेऊन जाता? मग त्यांनी सगळ्यांना पातळ वह्या वाटल्या. शनिवारी घरी शास्त्रातला भाग वाचून या, दहा मिनिटं आधी या, पुढे बसा, आणि उपदेशातून जी गोष्ट तुम्हाला टोचली ती वहीत लिहा. एकच ओळ. पुढच्या रविवारपर्यंत त्याबद्दल काहीतरी करून या. बऱ्याच जणांच्या वह्यांत पुढे किराणा लिहिला गेला. माझ्या वहीत मी दुसऱ्यांनी काय सुधारावं ते लिहीत असे. काकूंनीही वही घेतली. खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायच्या आणि नळ बंद करून लिहायच्या.

एका रविवारी मी कप ठेवायला आत गेले तर वही मनुक्यांच्या डब्यावर उघडी पडलेली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. तरी वाचली. चार रविवार, चार तारखा, आणि चारही ओळींत एकच नाव: कुसुमताई.

मला भरून आलं. केवढी माया! बिचारी अकरा वर्षं भांडी धुते आहे आणि नणंदेच्या शेजारी बसायला मन ओढतंय, पण बोलत नाही. म्हणजे मीच काहीतरी करायला हवं. मी पाळकांकडे गेले, सभेत ठराव मांडला, स्वयंपाकघराच्या पाळ्या लावल्या. पायल आणि रोशनी या दोन कॉलेजच्या मुलींना प्याले धुवायला शिकवलं. पुढच्या पहिल्या रविवारी सलोमीकाकू पहिल्या बाकावर कुसुमताईंच्या शेजारी बसतील आणि पहिल्या रांगेत प्रभुभोजन घेतील, असं मीच माईकवरून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू खिडकीत उभ्या होत्या. हातातला प्याला त्या पुसतच राहिल्या.

नंतर त्या माझ्याकडे आल्या. "मिनल, मले आतच राहू दे वं."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आता तुम्ही बसायचं आणि ऐकायचं."

तो रविवार आला. काकू पांढरी सुती साडी नेसून आल्या. ताईंनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. प्रभुभोजनाच्या आधी पाळक दर वेळी सांगतात की ज्याचं कोणाशी वाकडं असेल, ज्यानं कोणापासून काही लपवलं असेल, त्यानं आधी त्या माणसाकडे जावं आणि मग मेजाशी यावं. आम्ही ते इतक्या वेळा ऐकलं आहे की तेवढ्यात दुपारच्या जेवणाचा विचार करून होतो. मग पहिली रांग उठली. ताईंनी आणि काकूंनी कठड्यापाशी गुडघे टेकले. पाळकांनी ताईंच्या तळहातावर पावाचा तुकडा ठेवला आणि ते काकूंसमोर आले. काकूंचे हात कठड्यावर तसेच, मुठी मिटलेल्या.

"मले नोको, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या.

पाळकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा पुढे केलं. काकूंनी मान हलवली, कठडा धरून कशाबशा उठल्या आणि दीडशे माणसांसमोरून कडेच्या दारानं स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं नळाचा आवाज आला. सगळ्या चर्चनं तो ऐकला.

बाहेर पडेपर्यंत कुजबूज सुरू झाली होती. मेजाला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. कोणी म्हणालं, दुसऱ्या पंथात गेली असेल. कोणी त्याहून वाईट म्हणालं. मला लाज वाटत होती आणि रागही आला होता. माझ्या कार्यक्रमाचा असा विचका!

सोमवारी सकाळी मी 'मंगळवारी बाजार' नावाच्या वस्तीजवळच्या त्यांच्या खोलीवर गेले. आमचा नेहमीचा "सलाम" म्हणायचंही विसरले. "काकू, काय केलंत हे?"

त्यांनी मला बसायला पाट दिला. स्वतः उभ्याच राहिल्या. "म्या त्यायले फोन केलाच नाई, मिनल."

"कोणाला?"

"ताईले. हे जात होते तवा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मनोहरकाकांना गुरुवारी दवाखान्यातून घरी आणलं होतं, आता काही उपाय नाही म्हणून. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, कुसुमले बोलाव. काकू म्हणाल्या, बोलावते. शुक्रवारी त्यांनी विचारलं, निघाली का? काकू म्हणाल्या, निघाली, बसमध्ये आहे. शनिवारी त्यांना बोलता येत नव्हतं. शनिवारी दुपारी ते गेले. उमरेड ते नागपूर, बसनं दीड तासाचं अंतर.

"काहून पण?" मी विचारलं.

"ताई आल्या का मी त्या घरात मोलकरीण होऊन जाये. लग्न झालं तवापासून. ह्यायले जरासा ताप आला का ताई उशाशी अन् मी चुलीपाशी. म्या म्हटलं, या बारीले माहा नवरा माह्याजवळ राहू दे. एक दिवस. मंग करते फोन. मंग म्हटलं, अजून एक दिवस. मंग दिवसच नाई उरले."

"आणि तुम्ही ताईंना सांगितलंत की फोन लागला नाही."

"तेवढं म्या सांगतलं. चार्जिंग नव्हतं हे त्यायनं सोताच म्हटलं. माती दिली त्या दिशी माह्यासमोर कपाळावर मारून घेतलं त्यायनं. म्या त्यायचा हात धरला. तोंड उघडलं नाई."

म्हणून प्रभुभोजन नाही. एकदाही नाही. आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून प्याले, मनुके, किल्ली. ज्या मेजावरचा रस त्यांच्या हातचा होता, त्या मेजाशी त्या अकरा वर्षं गेल्या नव्हत्या. आणि मी त्यांची लपायची जागा टाळ्यांच्या गजरात काढून घेतली होती.

मी जे पुढे म्हटलं ते चिटणीस म्हणून म्हटलं की घाबरट बाई म्हणून, ठाऊक नाही. मी म्हटलं, "आता सांगू नका, काकू. पंचाहत्तरीची बाई आहे. तुमचं ओझं हलकं करायला तिच्या जिवाला कशाला घोर? मी पाळकांना सांगते, तब्येत बरी नव्हती."

काकूंनी मला मध्येच तोडलं. "मंग मी हरेक रविवारी कायले येऊन राहिली वं? मनुके उकळाले? त्या वहीत चार बारी नाव लिहिलं म्या. पाळक म्हणते, लिहिलेलं करून या. मी लिहूनच राहिली."

बुधवारी मी त्यांना स्कूटरवर मानेवाड्याला नेलं. दुर्गेश कामावर गेला होता. कुसुमताई गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, गळ्यात दोरी, दोरीला फोन. काकूंना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "ये वं सलोमी. परवा काय झालतं तुले? शुगर वाढली का? म्या दुर्गेशले म्हटलं, तिले डॉक्टरकडे ने."

काकू बसल्या नाहीत. "ताई, तुमचा फोन बंद नव्हता."

"कवा?"

"भाऊ गेले तवा. बंद होता का चालू, मले मालूमच नाई. म्या लावलाच नाई."

ताईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. "एकदाबी?"

"एकदाबी नाई."

खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. ताईंनी शेंग खाली ठेवली आणि गळ्यातली दोरी काढायला लागल्या. दोरी अंबाड्यात अडकली. काकूंचा हात सवयीनं पुढे गेला, सोडवायला. ताईंनी डोकं मागे घेतलं. स्वतःच ओढून काढली, चारदोन पांढरे केस तुटले, आणि फोन शेंगांच्या सालपटांत टाकला.

"जा वं तुमी आता," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परतताना मी काकूंवर चिडले. झालं का समाधान, असंही म्हणून गेले. आज ते आठवलं की माझी मला शरम वाटते. काकू मागे बसून एवढंच म्हणाल्या, "शेंगा तशाच राहिल्या त्यायच्या."

पुढचे तीन रविवार कुसुमताई आल्या नाहीत. काकू आल्या. दहा मिनिटं आधी, पहिल्या बाकावर, जिथे मी त्यांना बसवलं होतं तिथे, एकट्या. शेजारची जागा कोणी घेतली नाही. त्यांनी पाळकांनाही सगळं सांगितलं. पाळक मला म्हणाले, "मी तर फक्त वह्या वाटल्या होत्या." मी म्हटलं, "आणि मी पाळ्या लावल्या होत्या."

तिसऱ्या रविवारी मी काकूंना विचारलं, पुढे बसून जास्त त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, "पहिले नळ चालू राहे. अर्धं आयकूच नाई ये. आता सगळं आयकू येते." मग म्हणाल्या, "येऊ दे."

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. रस मीच केला होता. तो पातळ झाला. दुसरं गीत चालू असताना कुसुमताई आल्या. दुर्गेशनं दारापर्यंत सोडलं. गळा मोकळा होता. इतकी वर्षं त्या दोरीशिवाय मी त्यांना पाहिलं नव्हतं, आणि ते पाहवत नव्हतं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांना कळलं होतं. त्यांची पाठ ताठ झाली.

पाळकांनी ते नेहमीचं वाक्य सांगितलं, वाकडं असेल त्यानं आधी जावं. त्या दिवशी जेवणाचा विचार कोणी केला नसावा. रांगा उठू लागल्या. प्याले खिडकीशी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी पहिला ट्रे घेऊन गेले तर आत पाळीवरची पायल नाही. पायल बाहेर भिंतीशी उभी. "आजींनी बाहेर काढलं मले," ती कुजबुजली. "म्हणे तू जाऊन घे, मी धुते."

खिडकीतून पाहिलं. कुसुमताई नळाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, एकेक प्याला धुऊन पालथा घालत होत्या. मला समजायला वेळ लागला नाही. ज्याच्या मनात वाकडं आहे त्यानं मेजाशी येऊ नये. आता त्या येऊ शकत नव्हत्या. लपायची तीच जागा त्यांनी शोधली होती.

काकूही रांगेत उठल्या नाहीत. माझ्यामागून त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. ताईंनी पाहिलं आणि धूत राहिल्या. काकूंनी खुंटीवरचा मलमलचा तुकडा घेतला आणि चार हात लांब उभ्या राहिल्या. मी दुसरा ट्रे आणला, तिसरा आणला, धुतलेले प्याले ओलेच भरून परत नेले. दोघी तशाच. नळ वाहत होता.

शेवटचा ट्रे दिला तेव्हा ताईंनी नळ बंद केला. काकूंकडे न बघता विचारलं, "मनोहर दाराकडे पाहत होता का?"

मी मनातल्या मनात म्हटलं, काकू, नाही म्हणा. निदान आज तरी.

"हाव," काकू म्हणाल्या. "तिन्ही दिवस."

ताईंचे दोन्ही हात ओट्यावर टेकले. खांदे हलत होते. काकू जागच्या हलल्या नाहीत, जवळ गेल्या नाहीत, रडल्याही नाहीत. बऱ्याच वेळानं ताईंनी डोळे कोपरानं पुसले, एक ओला प्याला उचलला आणि ओट्यावरून काकूंकडे सरकवला.

"पूस," त्या म्हणाल्या.

काकूंनी तो पुसला. मग दुसरा. मग तिसरा.

मी परत आले तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले होते. मेजावर दोन भरलेले प्याले उरले होते. पाळक प्रीतम माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "आत कोणी घ्यायचं राहिलंय का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

"दोघी आहेत," मी म्हटलं. "पण आज नको."

त्यांनी मान हलवली आणि ते दोन प्याले पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवले.